वाटीतली पावडर

ऑपरेशन थिएटरमध्ये अठरा वर्षं काढली, पण हल्ली व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची बाटली दिसली की मला त्या काकू आठवतात.

मणक्यात स्क्रू-रॉड बसले, धुऊन झालं, की टाके घ्यायच्या आधी आमचे सर्जन सर म्हणतात, "सिस्टर, व्हॅन्को." एक ग्रॅम. दिसतं सोपं. पण बाटली बाहेरून निर्जंतुक नसते. फ्लोअरच्या, म्हणजे निर्जंतुक टेबलाबाहेरच्या सिस्टरनं सील सोलून, बूच काढून वरूनच वाटीत ओतायची. काठाला बाटली टेकली की वाटी बाद. वाटी कोरडी ठणठणीत हवी, नाहीतर पावडरचा चिकट गोळा होतो. नव्या मुली नेमक्या ओल्या ग्लोव्हजनीच वाटी धरतात. मग सर ती चिमटीनं स्नायूंवर भुरभुरतात, ड्युरा, म्हणजे मज्जारज्जूचं आवरण, टाळून.

काकू साठीच्या, डायबेटिसवाल्या. चौथ्या-पाचव्या मणक्याचं फ्यूजन, म्हणजे ते मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन. शिरेतून सेफ्युरोक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक वेळेत गेलं होतं, पावडरही पडली. अकराव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकातून पू. कल्चरमध्ये, म्हणजे पुवाच्या तपासणीत, ई. कोलाय, आतड्यातला ग्रॅम-निगेटिव्ह जंतू, लघवीतूनही येऊ शकणारा. व्हॅन्को ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंचं औषध, ई. कोलायवर ते मूठभर ओतलं तरी ढिम्म.

मी केसपेपर उलटून पाहिला. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यानंतरच्या रात्री नोंद होती: 'अंथरुणात लघवी, ड्रेसिंग ओलं, सकाळी राउंडला बदलणे.' तीस पेशंटमागे एक सिस्टर. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. जंतू तिथूनच आले, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, "पावडर तर टाकली होती." अंगारा लावल्यासारखं! खरं तर 2011 मधल्या अमेरिकी अभ्यासात पावडरीनं खोल इन्फेक्शन 2.6 वरून 0.2 टक्क्यांवर आलं, पण 2013 मध्ये कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलनं 907 पेशंटवर करून पाहिलं तेव्हा पावडर घातली काय नि न घातली काय, इन्फेक्शन दीड-पावणेदोन टक्केच, हे मला सरांनीच चहा पिताना सांगितलं होतं. तरी टाकतात. एका ग्रॅमनं काय बिघडतं, म्हणतात.

जखम पुन्हा उघडून धुतली. स्क्रू घट्ट होते, ते ठेवले. काकू सहा आठवडे अँटिबायोटिकवर.

डिस्चार्जच्या दिवशी मुलगा बिल घेऊन आला. व्हॅन्कोमायसिनच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "सिस्टर, हे इन्फेक्शन होऊ नये म्हणूनच होतं ना?"

हो म्हटलं. त्या रात्रीच्या ड्रेसिंगचं त्यानं विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.