फॉर्मॅट मारून टाका

पार बंद पडलेला कॉम्प्युटर परवडला. दुकानात नेऊन टाकला की आपण मोकळे. खरा छळ मांडतो तो मधूनच आपोआप रीस्टार्ट होणारा. दुकानात दिवसभर शहाण्यासारखा चालतो आणि घरी आणला की भर दुपारी पुन्हा काळोख.

लातुरात अशा वेळी सल्ल्याची टंचाई नसते. सगळ्यांचं औषध एकच, "फॉर्मॅट मारून टाका." यात फाइली जातात, दुखणं राहतं.

त्याआधी एक फुकटचं काम करावं. सिस्टीम कोलमडली की आपोआप रीस्टार्ट व्हायची टिक विंडोजमध्ये मुळातच लावलेली असते, त्यामुळे बिघाडाचा कोड दाखवणारा निळा पडदा वाचायच्या आत निघून जातो. ती टिक काढायची. मग निळा पडदा ठाण मांडून बसला, तर त्यावरचा कोड उतरवून घ्यायचा आणि ड्रायव्हर, रॅम यांच्याकडे वळायचं. निळं काही न दिसता थेट काळोख झाला, तर संशय वीज नाहीतर उष्णतेवर. आमच्याकडे काळोखच. विंडोजची नोंदवही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, त्यात 'कर्नल-पॉवर 41'च्या नोंदींची रांग लागलेली. हा 41 एवढंच सांगतो की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. ते आम्हालाही दिसलं होतं की!

दुकानातला पोरगा आला. रिवाजाप्रमाणे त्याने रॅम काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरने घासली. मग प्रोसेसरवरचा पंखा उचकटला. आमचं घर मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ. तुरीचा नि सोयाबीनचा भुसा वर्षभर हवेत. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवरून धुळीचा जो थर निघाला, तो गोधडीत भरता आला असता. खालची, उष्णता पात्यांकडे पोचवणारी पेस्ट वाळून खडू झालेली. बाहेर 42 अंश, वर पत्रे, आणि आत प्रोसेसर शंभरीकडे निघालेला. फार तापलं की मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, तापमान उतरलं. रीस्टार्ट तसाच.

मग वायरमनमामा. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येत होत्या, म्हणून त्यांनी सरळ अंगणातला खड्डा गाठला. "अर्थिंग वाळून गेली की तुमची, सर. उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालीत जा." काळी जमीन वाळून भेगाळली की वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून मीठ-कोळसा घालून खड्डा ओला ठेवायचा. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खड्ड्याला पाणी पाजताना हात जड होतो. धुण्याचं पाणी घातलं. मुंग्या थांबल्या. मुंग्यांचा नि रीस्टार्टचा संबंध नव्हताच, पण अर्थिंग हवीच.

खरं निदान आईचं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "कूलर लावला की बंद पडायलंय बघ तुझं."

कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर जोरात करंट ओढते. आधीच दुपारचं व्होल्टेज पडलेलं, ते आणखी बसतं. एवढा धक्का चांगला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरमधला वीज पुरवणारा डबा, सोसतो. पण मध्ये यूपीएस होता ना! व्होल्टेज पडलं की तो इमानदारीत बॅटरीवर जायचा, आणि बॅटरी कधीच मेलेली. खात्री करायला कॉम्प्युटर काढून यूपीएसला साधा बल्ब जोडला आणि भिंतीतली पिन उपसली. बल्ब लगेच विझला. वर हिरवा दिवा मात्र रोज लागत होता, त्यामुळे कुणाला शंकाच नाही. आत 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. आमच्याकडच्या उष्म्यात ती लवकर दम तोडते. खोलून पाहिली तर पोट फुगलेलं. नवी बसवली, जुनी दुकानदाराने वजनावर घेतली. कूलरची पिन पलीकडच्या खोलीतल्या सॉकेटला नेली.

शेजारच्या काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी एकदा फॉर्मॅट मारूनच घ्या."