कोलंबस, इंडियाना : द्विशताब्दी ओलांडलेल्या शहराची कालक्रमाने फेरी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील बहुतेक लहान शहरांचा इतिहास एका दमात सांगून होतो: जमीन मोजली गेली, न्यायालय बांधले गेले, रेल्वे आली, कारखाना आला आणि पुढे कारखाना गेला. इंडियाना राज्यातील कोलंबस हे सुमारे ५० हजार वस्तीचे शहर २०२१ मध्ये दोनशे वर्षांचे झाले आणि त्याची कथाही याच पायऱ्यांनी चढत येते. फरक एवढाच की इथला कारखाना गेला नाही आणि त्याच्या मालकांनी गावाच्या शाळा, अग्निशमन केंद्रे आणि ग्रंथालय कोण रेखाटणार या प्रश्नात असे काही लक्ष घातले की जगभरातून वास्तुकलेचे विद्यार्थी आज या मक्याच्या शेतांच्या मुलखात येतात. येणारे बहुतेक जण नामांकित वास्तुरचनाकारांच्या इमारतींची यादी हातात घेऊन फिरतात आणि संध्याकाळी परततात. माझे मत वेगळे आहे. इमारती अवश्य पाहाव्यात, पण त्या शहराच्या वयाच्या क्रमाने पाहाव्यात, म्हणजे प्रत्येक इमारत का उभी राहिली हे कळत जाते.

ऑक्टोबरच्या मध्यात मी शिकागोहून गाडीने निघालो. माझा भाचा कोलंबसमधल्या कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीत अभियंता असल्यामुळे मुक्कामाची सोय घरचीच होती. शिकागोहून हे अंतर साधारण चार तासांचे आहे. मात्र वाटेत घड्याळ एक तास पुढे जाते, त्यामुळे दुपारची कुठली वेळ ठरवली असेल तर ती जपावी. इंडियानापोलिसहून दक्षिणेला पासष्ट क्रमांकाच्या महामार्गाने पाऊण तासात पोहोचता येते. प्रवासी रेल्वे येथे येत नाही, तेव्हा गाडीवाचून गत्यंतर नाही. हॉटेलचे आरक्षण करताना राज्याचे नाव दोनदा तपासावे, कारण ओहायोची राजधानीही कोलंबसच आहे आणि ती याहून कितीतरी मोठी असल्यामुळे शोधयादीत नेहमी तीच वर येते.

फेरीची सुरुवात न्यायालयाच्या चौकातून करावी. १८१८ च्या सेंट मेरीज येथील कराराने लेनापे या मूळनिवासी लोकांना मध्य इंडियानातील आपली भूमी सोडून मिसिसिपीपलीकडे जावे लागले आणि त्या मोकळ्या केलेल्या जमिनीवर १८२० च्या सुमारास जनरल जॉन टिप्टन यांनी जागा घेतली. नव्या वसाहतीला त्यांच्या सन्मानार्थ टिप्टोना हे नाव मिळाले, पण ते फार टिकले नाही. २० मार्च १८२१ रोजी गावाचे नाव कोलंबस झाले. टिप्टन त्यामुळे रुसले आणि पुढे रस्त्याची आखणी त्यांच्या हाती आल्यावर त्यांनी तो मुद्दाम गावाला वळसा घालून नेला, अशी दंतकथा इथे आवडीने सांगितली जाते. त्या रुसव्याला कागदोपत्री आधार नाही. आधार आहे तो एका निराळ्या गोष्टीला: हेच टिप्टन १८३८ मध्ये उत्तर इंडियानातील सुमारे ८५० पोटावाटोमी या मूळनिवासी लोकांना सशस्त्र पहाऱ्यात कॅन्ससकडे हाकलणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते आणि त्या वाटेवर चाळीसहून अधिक माणसे मेली, त्यांत मुलेच जास्त. रुसव्याचा किस्सा चवीने ऐकावा, पण त्यासोबत हेही ठाऊक असावे.

चौकातील लाल विटांचे न्यायालय आयझॅक हॉजसन यांनी रेखाटले असून ते १८७४ मध्ये पूर्ण झाले. घड्याळाचा मनोरा आणि उतरते छप्पर यांमुळे ते दुरूनच ओळखू येते. आजही तिथे रोजचे कामकाज चालते, म्हणून आत डोकवायचे असेल तर सोमवार ते शुक्रवार यांपैकी एखादा दिवस धरावा. त्याच आवारात १९९७ मध्ये उभारलेले सैनिकांचे स्मारक आहे: चुनखडीचे चाळीस फूट उंचीचे पंचवीस स्तंभ, एकमेकांच्या इतके जवळ की मधून चालताना दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने थांबावे. आतल्या बाजूंवर युद्धांत मरण पावलेल्या स्थानिक तरुणांची घरी धाडलेली पत्रे कोरलेली आहेत. हवापाण्याची चौकशी, पगाराचा हिशोब, आईला घातलेली समजूत असा अगदी साधा मजकूर दगडात उतरलेला वाचताना डोके वर करून ओळी शोधाव्या लागतात. घाईने उरकण्याचे हे ठिकाण नव्हे. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे सर्वांत स्पष्ट दिसतात.

१८४४ मध्ये मॅडिसनहून येणारी रेल्वे कोलंबसला पोहोचली, तशी शेतीमालाची ही बाजारपेठ कारखान्यांकडे वळली. इथल्या गिरणीत मक्यापासून बनणारे सिरिअलीन हे कोरडे न्याहारीचे खाणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर खपत असे. रीव्हज कंपनी कप्प्या बनवी आणि त्या घराण्यातील मिल्टन रीव्हज यांनी १९११ मध्ये चक्क आठ चाकांची मोटार तयार केली. धक्के कमी बसतील हा त्यांचा होरा बरोबर होता, गिऱ्हाईक मिळेल हा चुकला. या धडपड्या वातावरणातच १९१९ मध्ये कमिन्स कंपनी जन्माला आली. क्लेसी कमिन्स हे बँकर विल्यम अर्विन यांचे मोटारचालक आणि यंत्रांचे जाणकार. अर्विन यांनी पैसा घातला आणि पुढे जवळजवळ दोन दशके तो बुडत असल्याचे दिसत असूनही हात आखडला नाही. १९२९ च्या नाताळच्या दिवशी क्लेसी यांनी डिझेल इंजिन बसवलेल्या पॅकार्ड गाडीतून अर्विन यांना फेरी मारून आणली, १९३१ मध्ये कमिन्सच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली आणि तरीही कंपनीला पहिला नफा १९३७ मध्ये दिसला.

कंपनीचे मुख्य कार्यालय केव्हिन रोश यांनी १९८० च्या दशकात बांधले, तेव्हा सिरिअलीनची जुनी विटांची इमारत न पाडता नव्या काँक्रीटच्या वास्तूत सामावून घेतली आणि तिथे उपाहारगृह केले. प्रवेशदालनात एका डिझेल इंजिनाचे शेकडो भाग सुटे करून तारांवर टांगले आहेत. जवळ जाऊन पाहिले की प्रत्येक झडप, दट्ट्या आणि बोल्ट आपापल्या जागेपासून थोडासा दूर, पण योग्य क्रमाने तरंगताना दिसतो. पुण्याच्या माणसाला इथे थोडे थबकायला होते, कारण याच कंपनीशी किर्लोस्करांनी भागीदारी केली आणि १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने काढलेले मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही कमिन्सचेच नाव लावते. कोथरूड ते कोलंबस ही नोकरीची वाट मळलेली असल्याने इथल्या रस्त्यांवर आणि वाणसामानाच्या दुकानांत मराठी कानावर पडते, याचे नवल वाटायला नको. दालन कार्यालयीन दिवशीच पाहता येते. जाण्याआधी पर्यटक केंद्रात चौकशी करावी.

शहराच्या दुसऱ्या शतकाचा खरा उलगडा पाचव्या रस्त्यावर होतो. १९४२ मध्ये एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च येथे उभे राहिले. सपाट छप्पर, चुनखडीचे चौकोन, दर्शनी भागावर मध्यापासून बाजूला सरकवलेला क्रूस आणि १६६ फुटांचा सुटा मनोरा. रंगीत काचा आणि टोकदार कमानी यांची सवय असलेल्या गावाला तेव्हा काय वाटले असेल याची कल्पना करावी. समोर आय. एम. पे यांचे १९६९ चे ग्रंथालय आणि त्याच्या प्रांगणात १९७१ मध्ये बसवलेली शिल्पकार हेन्री मूर यांची वीस फूट उंचीची कांस्याची कमान आहे. मूर यांना लोकांनी तिच्याखालून जावे असे वाटत होते आणि ग्रंथालयात येणारी मुले ते रोज मनापासून करतात. शेजारी अर्विन कुटुंबाचे जुने घर आणि पॉम्पेईच्या धर्तीवर रचलेली बाग आहे. विटा, चुनखडी आणि कांस्य, तीन पिढ्यांची तीन मते, आणि तिघांच्या मध्ये फक्त एक रस्ता.

या साऱ्यामागे जे. अर्विन मिलर होते, विल्यम अर्विन यांच्या बहिणीचे नातू, जे १९३४ मध्ये कंपनीत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली आणि घाईघाईने बांधलेल्या शाळा सुमार निघू लागल्या. चांगले अभियंते लहान गावात यायचे तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी, हा हिशोब मिलर यांना पटला होता. त्यांनी शाळा मंडळापुढे एक तोडगा ठेवला: कंपनीच्या प्रतिष्ठानाने सुचवलेल्या यादीतून वास्तुरचनाकार निवडलात तर त्याचे मानधन प्रतिष्ठान देईल, बांधकामाचा खर्च आणि निर्णय मात्र मंडळाचा. १९५७ मध्ये हॅरी वीज यांची पहिली शाळा झाली आणि मग हीच सवलत इतर सार्वजनिक इमारतींना मिळाली. रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या १९६८ च्या चौथ्या क्रमांकाच्या अग्निशमन केंद्राच्या मनोऱ्यावर भला मोठा चारचा आकडा आहे. ते रस्त्यावरून पाहावे, गाड्यांच्या दारासमोर उभे राहू नये. शाळांच्या बाबतीत तर शाळेच्या वेळेत आवारात पाऊलही टाकू नये.

मला या कथेत एक गोष्ट खटकते. एका उदार धनिकाने शहर घडवले, असे सगळीकडे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण बांधकामाचा खर्च करदात्यांनी उचलला, परक्या आकाराच्या शाळांना शिक्षकांनी जुळवून घेतले आणि सपाट छपरांची गळती मंडळांनी निस्तरली, त्यांचा उल्लेख मार्गदर्शकांच्या बोलण्यात ओझरताच येतो.

मिलर दांपत्याचे १९५७ चे घर एलिएल यांचे पुत्र एरो सारिनेन यांनी बांधले, अंतर्भाग अलेक्झांडर जिरार्ड यांनी सजवला आणि बाग डॅन कायली यांनी आखली. २००९ मध्ये ते इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे गेले आणि २०११ पासून लोकांना पाहता येते. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीत उतरवलेली चौकोनी बैठक आहे, तिच्यावरील उशा जिरार्ड ऋतूनुसार बदलण्यासाठी योजत असत. छतातल्या काचेच्या पट्ट्यांतून येणारा प्रकाश खांबांच्या रेषा दाखवत फिरतो. बाहेर हनी लोकस्ट या झाडांची दुहेरी रांग आहे, तिची पाने आपल्या चिंचेसारखी बारीक आणि ऑक्टोबरात पिवळी धमक. या घराचे तिकीट आधी काढल्याशिवाय येथे येऊ नये: फेऱ्या रोज नसतात, गट लहान असतो आणि लोकांना पाचव्या रस्त्यावरील पर्यटक केंद्रातून बसने नेले जाते. घरात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, बागेत घेता येतात. आधी हे तिकीट मिळवावे आणि मग त्याभोवती बाकीचा दिवस बसवावा.

एरो सारिनेन यांचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च १९६४ मध्ये पूर्ण झाले, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. षटकोनी छप्पर आपोआप निमुळते होत १९२ फुटांच्या शिखरात मिळते. २०२२ मध्ये उपासकांची संख्या घटल्याने तिथली मंडळी विसर्जित झाली आणि पुढे वास्तू जिल्हा ग्रंथालयाच्या ताब्यात आली. मी ती बाहेरूनच पाहिली. आत जाता येते का, हे पर्यटक केंद्रात विचारावे. त्याच वर्षी डिसेंबरात मध्यवर्ती भागातील १८९० ची अर्विन ब्लॉक ही इमारत आगीत नष्ट झाली. दोनशे वर्षे पूर्ण केलेल्या शहरापुढे आज प्रश्न नवे बांधण्याचा कमी आणि असलेले सांभाळण्याचा अधिक आहे, हे या दोन ठिकाणी उभे राहिले की उघड दिसते.

दुपार मिल रेस उद्यानात घालवावी. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या येथे मिळतात आणि व्हाइट नदीची पूर्व शाखा सुरू होते. पूर्वी येथे कातडी कमावण्याचा कारखाना आणि झोपड्या होत्या. १९९० च्या दशकारंभी उद्यानाला आजचे रूप मिळाले, तेही पुराचे पाणी येणार हे गृहीत धरून. जून २००८ मधील पुराने मात्र हॉ क्रीक या ओढ्याच्या काठचे रुग्णालयच रिकामे करायला लावले होते. वसंतात जोरदार पाऊस झाला असेल तर उद्यानाचे रस्ते बंद आहेत का हे पाहूनच निघावे. निरीक्षण मनोरा खुला असेल तर वरून न्यायालयाचे घड्याळ आणि फर्स्ट ख्रिश्चन चर्चचा मनोरा एकाच नजरेत येतात.

वॉशिंग्टन रस्त्यावरील झाहाराकोस हे आइस्क्रीमचे दुकान ग्रीक भावांनी १९०० मध्ये काढले. सेंट लुइसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातून आणलेले सोडा फाउंटन आणि स्वतः वाजणारे भले मोठे यांत्रिक वाद्य तिथे अजून आहे. शाकाहाऱ्यांनी जेवणाची निराळी तजवीज ठेवावी, आइस्क्रीमवर दिवस निघत नाही. पायात चालण्याचे बूट असावेत, कारण मध्यवर्ती भाग चालतच पाहायचा आहे. नॉर्थ ख्रिश्चन चर्च आणि चौथे अग्निशमन केंद्र यांसाठी मात्र गाडी लागेल. विषम वर्षांत ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात ‘एक्झिबिट कोलंबस’ हा उपक्रम भरतो आणि तरुण वास्तुरचनाकारांच्या तात्पुरत्या रचना चौकाचौकांत उभ्या राहतात. त्या पाहायच्या तर त्या सुमारास यावे, इमारती मोकळ्या पाहायच्या तर सम वर्षाचा ऑक्टोबर बरा. रविवारी सकाळी फर्स्ट ख्रिश्चन चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा कॅमेरा घेऊन आत शिरू नये. परतीचे विमान इंडियानापोलिसहून असेल तर महामार्गावरील ट्रकांची गर्दी आणि चालू असलेली दुरुस्ती गृहीत धरून एक तास जास्त हाताशी ठेवावा.