३ आठवडे लपवलेली पुळी

आज अखेर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे जाऊन आले. योनीच्या बाहेरच्या ओठावर हरभऱ्याच्या डाळीएवढी, लालसर, दाबली की ठणकणारी पुळी आली होती आणि ती दाखवायची कशी, या संकोचापायी मी ३ आठवडे नुसती झुरत राहिले. रात्री मोबाइलवर वाचता वाचता मजल थेट कर्करोगापर्यंत गेली होती.

डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात नीट पाहिले, पुळीच्या मधोमध त्वचेखाली वळलेला काळा केस मला आरशात दाखवला आणि विचारले, “रेझर वापरता का?” कापलेल्या केसाचे टोक कधीकधी त्वचेत शिरते, तिथे सूज येते आणि अशी पुळी उठते. काही दिवस रेझर बंद ठेवायचा, कोमट पाण्याचा शेक घ्यायचा आणि ती मुळीच पिळायची नाही, एवढाच उपचार.

मग धीर करून आतल्या ओठांवरच्या बारीक पिवळसर ठिपक्यांबद्दलही विचारले. त्या तैलग्रंथी असतात, तो आजारच नव्हे. मात्र फुलकोबीसारखे वाढणारे चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे येतात, आग होणारे पाणीदार फोड हर्पीस या विषाणूजन्य आजाराचे असू शकतात, आणि योनीमुखाशी एकाच बाजूला येणारी गाठ बहुधा तिथे ओलावा देणाऱ्या बार्थोलिन ग्रंथीची असली, तरी चाळिशीनंतर ती नव्याने आल्यास तपासून घ्यावीच, असे त्यांनी बजावले.

संध्याकाळी धाकट्या बहिणीला फोनवर हे सगळे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “ताई, मलाही आहेत गं ते ठिपके.”