तंबू माझ्याविना उभा राहिला

ग्रँड मरे, मिनेसोटा (अमेरिका). दुसरी संध्याकाळ.

काल कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात मी जेमतेम वीस मिनिटं रांगेत होते. परत आले तर तंबू उभा. ताठ, दोऱ्या नीट ताणलेल्या. मेख दगडात शिरेना तिथे आर्याने दोरीला मोठे धोंडे बांधले होते, तेही मी कधी न शिकवलेल्या गाठीने. "झालं पण!" म्हणाली आणि अमितबरोबर धक्क्यावर निघून गेली.

मग मी खोट काढत बसले. दार तळ्याकडे केलंय, हे पहिलं. लेक सुपीरिअर म्हणजे ८२ हजार चौरस किलोमीटर पाणी, तिकडे कोण तोंड करतं? इतकी वर्षं मी दार पाण्याकडे पाठ करूनच लावत आले. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलंही नाही. रात्री वारा सुटला की कळेल, म्हणत पडून राहिले. खरं तर वाटच पाहत होते. (अशी आई आणखी कुठे असेल का, देव जाणे.)

वारा आला, पण मागून. रात्री जमीन पाण्याआधी निवते, मग सॉटूथच्या टेकड्यांवरून गार हवा तळ्याकडे उतरते. वारासुद्धा त्यांच्या पार्टीतला! पडदा हललासुद्धा नाही. दोघं घोरत होती. मी मात्र जागी. तंबूचं काय एवढं, हे कळत होतं. पण तंबूचंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात आर्या कुठे असेल वगैरे... ते राहू दे.

सकाळी पाण्यात पाय घातले. भर उन्हाळ्यातही दोन मिनिटांत बधिर. मग धक्क्याच्या टोकाच्या दीपस्तंभापर्यंत चालत गेले, १९२२चा आहे, छोटासा, अजून कामावर. त्याचा उगाच हेवा वाटला. उद्या घरी जाताना वाटेत स्प्लिट रॉक लागेल, त्याचा दीपस्तंभ आठवला. १९०५च्या नोव्हेंबरातल्या वादळात इतकी जहाजं फुटली की तिथे दीपस्तंभ बांधायची मागणी झाली, १९१०मध्ये तो लागला. पुढे जहाजांवर नवी यंत्रं आली आणि १९६९मध्ये त्याला निवृत्त केलं. आता लोक तिकीट काढून बघायला येतात. मलाही असंच घासूनपुसून ठेवतील आणि वर्षातून एकदा कौतुकाने लावतील, असं मनात आलं आणि एकटीच खो-खो हसले. शेजारच्या तंबूतल्या बाई दचकल्या.

दुपारी आर्याला म्हटलं, ती गाठ दाखव. तिने दोनदा दाखवली, तिसऱ्यांदा वैतागली. अगदी माझ्यासारखी वैतागते. अमित काही बोलला नाही, त्याचं नेहमीचंच.

उद्या निघायचंय. रस्ता मोबाइलवर बघू, असं दोघांचं ठरलंय. वाटेत रेंज जाते, हे मी सांगितलेलं नाही. कागदी नकाशा माझ्या पर्समध्ये आहे. मागितला तर देईन. दोनदा मागितला तर.