उपवासाच्या दिवशीचा गोड चहा

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मधुमेही रुग्णांशी बोलताना साखरेच्या पर्यायांचा विषय हटकून निघतो, आणि बहुतेकांनी त्यांची वाटणी आधीच करून ठेवलेली असते : गूळ, मध, स्टीव्हिया हे नैसर्गिक म्हणून चांगले, सॅकरिन, अस्पार्टेम, सुक्रालोज हे रासायनिक म्हणून वाईट. ही वाटणी जिवावर कशी बेतू शकते, ते मी एका आषाढी एकादशीला पाहिले.

सकाळी सत्तरीतले एक गृहस्थ तातडीच्या विभागात आले. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते आणि स्वतःच्या मुलाला ते भलत्याच नावाने हाक मारत होते. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली की आम्ही ती कमी मानतो. त्यांची 42 होती. मधुमेहावरची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन त्यांनी कडक उपवास धरला होता. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिल्यावर काही मिनिटांतच ते भानावर आले, पण या गोळीचा परिणाम बराच काळ टिकत असल्याने डॉक्टरांनी त्यांना देखरेखीखाली ठेवून घेतले.

त्यांची सून रडवेली झाली होती. "मॅडम, मामांना थरथरायला लागल्याबरोबर मी गोड चहा दिला, दोनदा दिला, तरी उतार पडेना," असे ती म्हणाली. चहात काय घातले होते, हे विचारल्यावर उत्तर आले, "स्टीव्हियाचे थेंब. साखरेऐवजी घालायच्या गोळ्या केमिकलच्या असतात, हे झाडाचं आहे, यानं ताकद येईल असं वाटलं." घरातून साखर केव्हाच हद्दपार झाली होती.

स्टीव्हियाची गोडी तिच्या पानांतल्या स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्समुळे येते. ही द्रव्ये साखरेपेक्षा 200 ते 300 पट गोड असल्याने चहाला अगदी कणभर पुरतात आणि त्यांतून रक्तात ग्लुकोज येत नाही. म्हणजे या बाबतीत मूळची पॅराग्वेकडची ही वनस्पती आणि साखरेवरच रासायनिक प्रक्रिया करून बनवलेले, सुमारे 600 पट गोड सुक्रालोज एकाच रांगेत बसतात. उलट, त्याच घरात "नैसर्गिक आहे" म्हणून गुळाचे लाडू बिनदिक्कत खाल्ले जात होते, आणि गूळ हा मुख्यतः सुक्रोज, म्हणजे साखरच. शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे 400 कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच गुळातून सुमारे 380. गुळाच्या या मुलखात हे सांगणे अनेकांना रुचत नाही, तरी मी ते सांगतेच.

कृत्रिम पदार्थांविषयी शंका घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजे फिनाइलअॅलनिन हा प्रथिनांतला घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलांना अस्पार्टेम वर्ज्यच आहे. जुलै 2023 मध्ये ते "कदाचित कर्करोगकारक" या गटात घातले गेले, मात्र शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 40 मिलिग्रॅम ही मर्यादा तज्ज्ञ समितीने कायम ठेवली. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेचे असे पर्याय वापरू नयेत असा सल्ला दिला, तो आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या सल्ल्यातल्या पर्यायांच्या यादीत सॅकरिनच्या जोडीला स्टीव्हियाही होती.

"मग घरात साखर ठेवायची का?" सुनेने विचारले. त्यांच्या औषधांत व्होग्लिबोजही होते, आणि हे औषध आतड्यात सुक्रोजचे विघटन लांबवत असल्याने साखरेचाही गुण उशिरा आला असता. म्हणून मी ग्लुकोजची पूड ठेवायला सांगितली : माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तर 15 ग्रॅम पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि ग्लानी असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचे. रोजच्या चहातली स्टीव्हिया मी चालू ठेवली. लाडू बंद केले, आणि उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, ते डॉक्टरांकडून त्यांच्या कागदावर लिहून घेतले.