आंब्याच्या कोयीतला भुंगा

आंबा कापताना फुटलेल्या कोयीतून काळसर भुंगा चालत बाहेर आला की घरातली माणसे आधी आंबेवाल्याला बोल लावतात आणि मग सालीवर भोक शोधू लागतात. भोक मिळत नाही. त्यामुळे कोकणात पुष्कळांची अशी समजूत आहे की हा किडा मोहरातूनच फळात जन्म घेतो, किंवा 'हवेने' होतो. खरा प्रकार याहून अधिक गमतीचा आहे.

या सोंडकिड्याचे शास्त्रीय नाव स्टर्नोकिटस मॅन्जिफेरी असून फॅब्रिशियसने १७७५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आंबा सोडून दुसऱ्या कोणत्याही झाडावर तो आपली पिढी वाढवत नाही. कलमे मोहरली की सालींच्या भेगांत दडून बसलेले भुंगे बाहेर पडतात, रात्री कोवळी पाने आणि मोहर खातात, आणि कैऱ्या गोटी-सुपारीएवढ्या झाल्या की मादी अंडी घालू लागते. ती सोंडेने सालीत उथळ खळगा करते, त्यात एकच अंडे ठेवते, वर तपकिरी स्रावाचे झाकण घालते आणि लगेच शेजारी चंद्रकोरीच्या आकाराची बारीक चीर देते. या चिरेतून चीक ओघळतो आणि अंड्यावर वाळून घट्ट बसतो. म्हणजे अंड्याच्या राखणीचे काम ती आंब्याकडूनच करवून घेते. देठ मोडला की अंगावर उठणारा हा चीक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या पहाऱ्याची किंमत सांगायला नको.

आठवड्याभरात अंड्यातून निघालेली अळी गर पोखरत थेट आत जाते. तिला घाई असते, कारण कैरीत बाठा धरण्यापूर्वी, कवच मऊ असतानाच तिला आतल्या बीपर्यंत पोहोचायचे असते. पुढे फळ जसजसे फुगते तसतशी तिची वाट भरून येते आणि सालीवरचा व्रणही बहुधा दिसेनासा होतो. बिनपायांची, पांढरी, तपकिरी डोक्याची ही अळी मग बंद कोयीत बसून बीजदले खाते, तिथेच कोश करते आणि तिथेच तिचा भुंगा होतो. क्वचित एखादा भुंगा पिकलेल्या फळातूनच बाहेर पडतो. एरवी फळ खाल्ले गेले किंवा कुजले, की कोय पोखरून तो निघतो. कोयीतून काढून तळहातावर घेतला तर सुमारे आठ मिलिमीटर लांबीचा, करड्या-पांढुरक्या ठिपक्यांचा हा प्राणी सोंड छातीखालच्या खोबणीत बसवतो, पाय आखडतो आणि मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो. झाडाच्या सालीच्या खपलीपासून तो तेव्हा वेगळा ओळखू येत नाही. वर्षात एकच पिढी होते, आणि पुढचा मोहर येईपर्यंतचे महिने तो असाच दडून काढतो.

खाणाऱ्याचे यात जवळपास काहीच जात नाही, हे माझे मत मी आमच्याकडच्या किळस करणाऱ्या पाहुण्यांनाही ऐकवतो. हापूसचा साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होणे, हे त्याहून कितीतरी मोठे दुःख आहे, आणि त्याच्याशी या भुंग्याचा संबंध नाही. नुकसान होते ते रोपवाटिकेचे. कोय कलमांसाठी, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या जातीची काडी बांधण्यासाठी, पावसाच्या तोंडाला रायवळच्या (गावठी आंब्याच्या) ताज्या कोयी लावतात, आणि बीजदले खाल्लेली कोय एकतर रुजत नाही किंवा तिचा कोंब इतका मरतुकडा निघतो की त्यावर काडी बांधण्यात अर्थ नसतो. म्हणून लावण्यापूर्वी कोयी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बाजूला काढण्याची रीत आहे.

दुसरा फटका निर्यातीला बसतो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात जिवंत कीड जाऊ शकते, ही धास्ती अमेरिकेला होती. २००७ साली तिथली बाजारपेठ उघडली ती ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरणाच्या अटीवर, आणि त्यासाठी कोकणचा हापूस घाट चढून नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रात गेला. एवढ्या मात्रेने भुंगा जागीच मरतो असे नाही, परंतु त्याची पुढची पिढी होत नाही, आणि आयात करणाऱ्या देशाला तेवढे पुरते.

बागेत मात्र उपाय साधाच आहे. हा भुंगा फारसा उडत नाही. दूरचा प्रवास तो माणसाने नेलेल्या फळांतून आणि कोयींतून करतो. गळलेली फळे वेचणे, आणि आमरसानंतर परसात भिरकावलेल्या कोयी गोळा करून खोल पुरणे किंवा जाळणे, हे काम पाऊस लागण्याआधी उरकावे, कारण नंतर त्या गवतात सापडत नाहीत.