पेशीच्या एका कोपऱ्यात कॅल्शियम सोडायचं होतं: माझा अनुभव

पीएच.डी.च्या विषयात मला एक गोष्ट करता यायला हवी होती: जिवंत हेला पेशीत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी), हव्या त्या क्षणी, हव्या त्या कोपऱ्यात कॅल्शियम वाढवणं. आयोनोमायसिन हे रसायन टाकलं की कॅल्शियम वाढतं, पण अख्ख्या डिशमध्ये एकदम. सुरुवात कुठून झाली ते कळायला मार्गच नाही.

म्हणून केज्ड कॅल्शियम: एका रेणूत, म्हणजे 'केज'मध्ये, बांधून ठेवलेलं आणि प्रकाश पडला की सुटणारं. प्रकाशाने सुटणारी ही युक्ती जुनी आहे. १९७८ मध्ये कॅप्लन, फॉरबुश आणि हॉफमन यांनी एटीपी हा पेशीला ऊर्जा देणारा रेणू असाच बांधून तांबड्या रक्तपेशींच्या कवचांत सोडला होता. मी घेतला एनपी-ईजीटीए. कॅल्शियम धरून ठेवणारा हा रेणू, त्यात ऑर्थो-नायट्रोबेंझिल गट बसवलेला. अतिनील प्रकाश पडला की रेणूचे दोन तुकडे होतात आणि पकड सुटते: आधी ८० नॅनोमोलर (मिलिमोलरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमोलर म्हणतात) इतक्या कॅल्शियमला निम्मे रेणू भरलेले असतात, नंतर त्यासाठी १ मिलिमोलरहून जास्त कॅल्शियम लागतं. शांत पेशीत ते १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त रेणू भरलेले मिळतात. डीएम-नायट्रोफेन हा दुसरा केज याहून घट्ट धरतो, पण तो मॅग्नेशियमही धरतो आणि पेशीत मॅग्नेशियम भरपूर, म्हणून तो बाद.

रेणू आत घालणं सोपं. एएम एस्टर या झाकलेल्या रूपात तो पेशीच्या पडद्यातून आत जातो, आतली एस्टरेज नावाची विकरं तो एस्टर कापतात आणि रेणू आतच अडकतो. मी हे ३७ अंशांवर न करता खोलीच्या तापमानाला करायचे. गरम ठेवलं की रेणू आतल्या पिशव्यांतही शिरतो.

अवघड होता तो अंधार. ट्यूबलाइट बंद, एक लाल दिवा, प्रत्येक नळीला फॉइल. सफाईच्या मावशींनी दारातून डोकावून विचारलं, "काय गं, दिवसाढवळ्या फोटो धुतेस की काय?" बाकीच्यांची कुरकूर वेगळीच, कारण त्याच खोलीत त्यांचंही काम असायचं.

कॅल्शियम दिसण्यासाठी रंग निवडतानाही हाच घोळ. फ्युरा-२ चांगला, पण त्याला ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे बघता बघता आपणच केज तोडणार. फ्लुओ-४ ला ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश चालतो, त्याने केजला धक्का लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात पेशी उजळल्या. मी खूश. माझ्या गाइड मॅडमनी संगणकाच्या पडद्याकडे बघून एवढंच म्हटलं, "केज न घालता हाच झोत मारून दाखव."

आणि नुसता रंग घातलेल्या पेशीही थोड्या वेळाने उजळल्या! आमच्या कॉन्फोकलवर (लेझरच्या सूक्ष्मदर्शकावर) ४०५ नॅनोमीटरचा लेझर आहे. एनपी-ईजीटीए तिथे जेमतेमच प्रकाश शोषतो, त्यामुळे ताकद वाढवावी लागते, आणि ताकद वाढवली की प्रकाशच पेशीला त्रास देतो. माझा खरा वेळ गेला तो या दोन टोकांमधली जागा शोधण्यात: केज नसलेली पेशी गप्प राहील आणि केज असलेली बोलेल, इतकाच झोत.

एवढ्यावरही मॅडमचं समाधान नव्हतं. केज तुटल्यावर उरणारा नायट्रोसो तुकडाही क्रियाशील असतो, मग परिणाम त्याचा कशावरून नाही? म्हणून काही डिशमध्ये केजबरोबर बाप्टा-एएमही भरलं. तुकडे तेवढेच सुटतात, कॅल्शियम मात्र बाप्टा शोषून घेतं. तिथे पेशी शांत राहिल्या. मला हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, सगळ्यात आवडतो, आणि किती लेखांत तो नसतो!

शेवटी जे दिसलं ते असं: पेशीच्या काठाशी ठिपका उजळतो, उजेड आत पसरतो, शेजारच्या पेशी तशाच काळोख्या. थोड्या वेळात पंप कॅल्शियम आवरून घेतात. त्याच जागी पुन्हा झोत मारला की उजेड कमी मिळतो, तिसऱ्यांदा जेमतेम, कारण तिथलं केज संपत आलेलं असतं. त्यामुळे आता एका पेशीवर एकच झोत मारते, आकडा लिहून घेते आणि पुढच्या पेशीकडे जाते.